सोळा खटके

कारखान्यात तिला सगळे अंगठेबहाद्दर म्हणत. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला हा शब्द लावतात, आणि हिचं अक्षर तर असं की साहेबसुद्धा महत्त्वाची पत्रं तिच्याकडून लिहून घेत. नाव पडलं ते तिच्या उजव्या अंगठ्यामुळे. ते पहिल्यांदा ठेवलं नानांनी. नाना म्हणजे कारखान्यातले साचे बनवणारे. साठीला टेकलेले, कानावर कायम पेन्सिल आणि जिभेवर कायम टोमणा.

तिचं काम सांगायला सोपं होतं. कारखान्यात मोबाइल फोन बनत. त्या फोनच्या उजव्या कुशीत एक बारीक चाक असे; बाहेर दिसायचं ते नखावरच्या चंद्रकोरीएवढं. अंगठ्याने वर फिरवलं की पडद्यावरची नावांची यादी वर सरके, खाली फिरवलं की खाली, आणि दाबलं की समोरच्या नावाला फोन लागे. एका फेऱ्यात सोळा खटके, आणि एका खटक्याला एक नाव. चाकाच्या आतल्या अंगाला सोळा खाचा होत्या आणि स्प्रिंगच्या जोरावर त्या खाचांत बसणारी एक पोलादी गोळी, खसखशीच्या चार दाण्यांएवढी. खाच उथळ झाली तर एकाऐवजी दोन नावं पुढे जातात आणि माणूस डॉक्टरांच्या ऐवजी दूधवाल्याला फोन लावून बसतो. खोल झाली तर दहा नावं शोधता शोधता अंगठा भरून येतो. या दोहोंच्या मधली जागा मोजणारं यंत्र त्या कारखान्यात नव्हतं. ती होती.

"खटका अंगठ्याला कळावा, कानाला कळू नये," एवढीच तिची व्याख्या होती. पन्नास फोनांचं एक खोकं येई; त्यातले कोणतेही पाच ती उचले, प्रत्येकाचं चाक तीन फेरे वर आणि तीन फेरे खाली फिरवी, फोनचा नंबर वहीत लिही आणि फोन पुन्हा खोक्यात ठेवी. अकरा वर्षं. एकशे सात वह्या.

हा अंगठा तिला वडिलांकडून आला होता. ते घड्याळं दुरुस्त करत आणि किल्ली देताना डोळे मिटून घेत. पण वडिलांचा कोरडा हात मात्र तिला मिळाला नाही. लहानपणापासून तिच्या तळहातांना घाम येई. शाळेत वहीची पानं फुगत, शाई पसरे, आणि शिवणाच्या तासाला सुई दोन दिवसांत गंजे. बाई म्हणत, "तुझ्या हाताखाली टीपकागद ठेवून लिहीत जा." ती ठेवी. अक्षर चांगलं झालं ते त्या धाकानेच.

लग्नानंतर ती रेडिओच्या कारखान्यात लागली. स्टेशनं लावायची बटणं फिरवून बघायची. ओल्या अंगठ्याखाली बटण घसरे. तिथल्या एका जुन्या बाईने तिला युक्ती दिली: चिमूटभर पावडर तळहातावर घ्यायची, चोळायची, रुमालाने पुसून टाकायची. हात कसा ठणठणीत कोरडा. तेव्हापासून गुलाबाच्या वासाची एक चपटी डबी तिच्या पर्समध्ये आली ती कायमचीच.

रेडिओचा कारखाना बंद पडला आणि ती फोनच्या कारखान्यात मुलाखतीला गेली तेव्हा समोर नाना बसले होते. त्यांनी तिच्यापुढे तीन चाकं ठेवली. "सांगा, कुठलं बरं आहे?"

तिने तिन्ही फिरवली. "पहिलं आणि तिसरं सारखंच आहे. दुसऱ्याला पंधराच खटके आहेत."

नाना खुर्चीतून पुढे झुकले. त्यांनीच मुद्दाम एक खाच भरून टाकली होती. आदल्या आठवड्यात आलेल्या सहाजणांना ते कळलं नव्हतं. ते साहेबांना म्हणाले, "अक्षर कुणीही ओळखतं. खटका ओळखणारा अंगठा मिळत नाही. हिला सोडू नका." झाली ती अंगठेबहाद्दर.

तपासणीच्या खोलीच्या दारावर एक पाटी होती: 'आत येण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. हाताला काहीही लावू नये.' अकरा वर्षं ती रोज सकाळी ही पाटी वाचून आत जाई. काहीही म्हणजे तेल, क्रीम, मलम, असं तिच्या मनाने धरलं होतं. पावडर म्हणजे लावणं नव्हे, पुसणं. तरी डबी ती टेबलावर ठेवत नसे. खणात, वह्यांच्या मागे ठेवी.

मग नवा फोन निघाला. डिझाइन करणारी मुलगी हुशार होती, दोन वर्षांपूर्वीच लागलेली. फोन बारीक करायचा म्हणून तिने चाकाभोवतीची रबराची कडी काढून टाकली. त्यावरून तिची आणि नानांची चांगलीच जुंपली होती.

"कडी काढलीस तर आत धूळ जाईल," नाना म्हणाले.

"नाना, लोक फोन खिशात ठेवतात. पिठाच्या डब्यात नाही."

"मग उद्या चाकसुद्धा काढ. चार बटणं बसव, नाहीतर नुसती काच ठेव. बोट फिरवत बसतील लोक काचेवर, माशी मारल्यासारखं."

"ते पण येईल एक दिवस, बघाल तुम्ही."

"तो दिवस बघायला मी नसेन, देवाची कृपा!"

कडी गेली. फोन दीड मिलिमीटर बारीक झाला. खटका तर असा सुरेख झाला की तिने स्वतः वहीत शेरा लिहिला: आजवरचा उत्तम. त्या पहिल्या खोक्यातला तिने तपासलेला एक फोन कारखान्याने तिलाच दिला, आणि तिने तो सासूबाईंना दिला.

अडीच महिन्यांनी फोन परत येऊ लागले. तक्रार एकच: चाक जड झालंय, अडकतं, एकदम दोन-तीन नावं पुढे उडी मारतं. आधी चार आले, मग अकरा, मग एका आठवड्यात पंचवीस. चौसष्ट झाले तेव्हा साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. तो बुधवार होता.

साहेब आवाज चढवणारे नव्हते, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटे. त्यांच्यापुढे नानांनी केलेल्या मोजमापांचा कागद होता. परत आलेला प्रत्येक फोन उघडायचा, चाक काढायचं, स्पिरिटच्या भांड्यात धुवायचं, मग मोजायचं, अशी कारखान्याची रीत होती. मळलेलं चाक मोजलं तर माप चुकतं म्हणून.

"नाना, चाकाचं भोक दोन शतांश मिलिमीटरने घट्ट आहे. तुमच्याच कागदावर आहे."

"सगळ्यांत नाही, साहेब. चौसष्टांपैकी नऊ चाकांत. आणि तेवढ्याने चाक अडकत नाही."

"मग कशाने अडकतं?"

नानांनी तो कागद स्वतःकडे ओढला. दोन आठवडे ते हेच शोधत होते. डोळ्याला भिंग लावून लावून त्यांच्या भुवईखाली लाल वळ उठला होता.

"शुक्रवारी अकरा वाजता मला कारण हवं," साहेब म्हणाले. "नाहीतर मी साचा हेच कारण धरीन. साचा बाहेरून करून घेऊ. आणि तुमच्याबद्दल मला निर्णय घ्यावा लागेल. तुम्ही स्वतः चूक मान्य केलीत तर नुसती निवृत्ती म्हणून कागद करता येईल. सन्मानाने."

बाहेर आल्यावर ती नानांच्या मागे धावली. "नाना, तुमचा साचा चुकलेला नाही. मी फिरवलीत ना ती चाकं."

"तू फिरवलीस तेव्हा बरी होती ना? मग नंतर काय झालं? भुताने धरलं?" ते थांबले. आवाज खाली आला. "बहाद्दर, मला आता वाटायला लागलंय की चुकलंच असेल. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी एकच माप चार वेळा घेतलं आणि चार वेळा वेगळं आलं. हात कापतोय की डोळा जातोय, काही कळत नाही."

तिला हे ऐकवेना. नोकरी जाणं एक, पण माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास जाणं हे तिला फार भयंकर वाटलं. गुरुवारी दिवसभर तिने चाकं फिरवली आणि तिला एकही खोट सापडली नाही. तिचे हात इतके घामेजले की डबी दर तासाला निघाली.

गुरुवारी संध्याकाळी सहाला ती घरी पोचली तर सासूबाई खिडकीजवळ फोन घेऊन धुसफुसत बसल्या होत्या. तिचा नवरा बोटीवर होता, सहा-सहा महिने बाहेर. बोट बंदराला लागली की तो आईला फोन करी, आणि आई त्याला. त्यांची नजर अधू झालेली, म्हणून सुनेने त्यांना खटके शिकवले होते: तीन खटके खाली म्हणजे मुलगा, चार म्हणजे सून, पाच म्हणजे डॉक्टर.

"मेलं हे चाक! तीन खटके खाली गेले तर फोन डॉक्टरांना. पुन्हा केला, पुन्हा डॉक्टर! ते म्हणाले, आजी, काय होतंय? म्हटलं, काही होत नाही, चाकाला होतंय."

ती उभी होती तिथेच थांबली. पर्स खांद्यावरच राहिली. "कधीपासून होतंय हे, आई?"

"झाले चार-पाच दिवस. तुला सांगणार होते, पण तुझं तोंड बघून गप्प बसले. तुमच्याकडे काहीतरी शिजतंय ना?"

तिने बटाटे बाजूला सारले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरा कागद अंथरला. वडिलांचा बारीक पेचकस तिच्याकडे होता. चार स्क्रू, दोन पट्ट्या, आणि चाक तिच्या तळहातावर आलं. हे पहिलं अडकलेलं चाक, जे स्पिरिटमध्ये न धुता कुणीतरी बघत होतं.

चाकाच्या कडेला, आसाभोवती आणि खाचांच्या तळाशी करड्या-पांढऱ्या रंगाचं काहीतरी साचलं होतं. तिने ते टाचणीने खरवडलं. कणकेसारखं, पण सुकलेलं. गोळी त्यातच रुतून बसली होती.

"काय आहे गं?"

"माहीत नाही. ग्रीस असेल. त्यात काहीतरी मिसळलंय."

"बघू." सासूबाईंनी कागद नाकाजवळ नेला. डोळे अधू झाल्यापासून त्यांचं नाक तिखट झालं होतं. दूध उतू जायच्या आधी त्यांना कळे. त्यांनी दोनदा हुंगलं. "अगं, याला तुझा वास येतोय."

"माझा?"

"तुझ्या हाताचा. ती गुलाबाची पावडर."

सिंकवरचा नळ ठिबकत होता, तो तिने उठून बंद केला. परत येऊन बसली. मग पुन्हा उठली आणि पर्समधली डबी काढून टेबलावर, त्या चाकाशेजारी ठेवली. पूर्वी कडी होती. कडी होती म्हणून इतकी वर्षं पावडर बाहेरच राहिली आणि रुमालाने पुसली गेली. आता कडी नव्हती. चिमूटभर पावडर, आतलं ग्रीस, आणि खिशातली ऊब.

"आई, नानांना काढतायत," ती म्हणाली. "साचा चुकला म्हणून."

सासूबाईंनी चाचपडून डबी हातात घेतली. मग म्हणाल्या, "आणि हे तू सांगितलंस तर?"

"मग मला."

"आणि नाही सांगितलंस तर कुणाला कळेल?"

"कुणालाच नाही. ते सगळी चाकं आधी धुतात."

"हं." सासूबाईंनी बटाट्यांची ताटली स्वतःकडे ओढली आणि चाचपडत सोलायला लागल्या. "मी काही बोलत नाही बाई. तुझा अंगठा, तुझी डबी. पण मला माझं चाक नीट करून दे. मुलाचा फोन यायचा आहे."

तिने चाक स्पिरिटने पुसलं, थेंबभर ग्रीस लावलं आणि बसवलं. सोळाच्या सोळा खटके स्वच्छ लागले. साच्यात काडीची चूक नव्हती.

शुक्रवारी ती सात वाजून दहा मिनिटांनी कारखान्यात होती. पहारेकरी म्हणाला, "बाई, आज घड्याळ पुढे गेलंय की तुम्ही?" तिला हसता आलं नाही.

तिच्या मनात अजून एक आशा शिल्लक होती, आणि ती आशाच तिला टोचत होती: एका फोनवरून काय ठरतं? सासूबाईंच्या फोनला घरातच पावडर लागली असेल. तिने फळ्यावर लावलेली चौसष्ट नंबरांची यादी काढून आणली आणि आपल्या वह्या उघडल्या. दर पन्नासांतले पाच तिने हाताळलेले. म्हणजे साचा चुकला असता तर परत आलेल्या चौसष्टांत तिच्या हातचे सहा-सात निघाले असते. पहिला नंबर वहीत सापडला. दुसरा सापडला. तिसराही. चाळिसाव्यानंतर तिने पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं, कारण काम अर्धवट सोडणं तिला कधी जमलं नव्हतं. चौसष्टपैकी चौसष्ट. सगळे तिच्या सुंदर अक्षरात.

तरी तिने शेवटची खात्री करायचं ठरवलं. तपासणीच्या खोलीत एक दमट पेटी होती: लोखंडी, आत ऊब आणि वाफ. त्या पेटीतले तीन तास म्हणजे खिशातले तीन महिने. तिने वीस नवे फोन घेतले. दहांची चाकं नेहमीसारखी, पावडरच्या हाताने फिरवली. मग हात साबणाने खसखसून धुतले आणि उरलेली दहा कोऱ्या हाताने फिरवायला घेतली.

अंगठा घसरला. पुन्हा घसरला. तळहातातून घाम नुसता पाझरत होता. रुमालाने पुसावा तोवर पुन्हा ओला. तिला रडू फुटायची वेळ आली. शेवटी तिने अंगठा उलटा केला आणि नखाच्या कडेने चाक ढकललं.

खट. खट. खट.

ती थबकली. खटका नखातून सरळ हाडात येत होता. अंगठ्याच्या मऊ मांसातून यायचा त्याहून स्वच्छ. नखाला घाम येत नाही. अकरा वर्षांत ही साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती.

सात पन्नासला तिने दहा-दहा फोनांची दोन ताटं पेटीत ठेवली. डावीकडे पावडरचं, उजवीकडे बिनपावडरचं. दार लावलं. दहा पन्नासला उघडायचं.

साडेआठला नाना आले. इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल नाही. त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

"लिही. तुझं अक्षर चांगलं आहे. माझं कुणाला लागत नाही."

"काय लिहू?"

"'नव्या फोनच्या चाकाच्या साच्यात माझ्या हातून चूक झाली. ती मला मान्य आहे. मला निवृत्त करावं.' पुढे नम्र विनंती वगैरे, ते तुला येतं."

"नाना, अकरापर्यंत थांबा ना."

"थांबून काय होणार? काल रात्री बायको म्हणाली, सही करून मोकळे व्हा, निदान झोप तरी लागेल. लिही."

तिला सांगता आलं असतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. पण पेटीला अजून सव्वादोन तास होते, आणि त्या सव्वादोन तासांत आपण चुकीचे ठरू या आशेला ती चिकटून बसली. तिने पेन उचललं. 'माझ्या हातून' लिहिताना शाई पसरली.

"हे काय?" नाना म्हणाले. "तुझ्याकडून डाग?"

"हात ओले आहेत."

"पुस की मग. निवृत्तीचा कागद आहे, डाग नको."

तिने हाताखाली टीपकागद ठेवला, शाळेतल्यासारखा, आणि दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. नानांनी सही केली. सही करताना त्यांचा हात बिलकूल कापला नाही. ते तिने बघितलं आणि मान खाली घातली. कागद घडी घालून खिशात ठेवत ते म्हणाले, "बघ, तुझ्या अक्षरात चूकसुद्धा कशी देखणी दिसते."

ते गेले. ती स्टुलावर बसून पेटीच्या काट्याकडे बघत राहिली. नऊ. साडेनऊ. डिझाइनवाली मुलगी डोकावली. "मावशी, बरं वाटत नाही का? चहा आणू?" तिने मान हलवली. दहा. खणातली डबी तिने काढून कमरेच्या खिशात टाकली. ती तिथे दगडासारखी लागत होती.

दहा पन्नासला तिने दार उघडलं. वाफ तोंडावर आली. उजव्या ताटातली दहाही चाकं तिने नखाने फिरवली: सोळा, सोळा, सोळा. डाव्या ताटातलं पहिलं चाक हललंच नाही. दुसरं हललं ते तीन खाचा उडी मारून. दहापैकी आठ गेली होती.

साहेबांच्या खोलीत ती दोन्ही हातांत दोन ताटं घेऊन शिरली, दार खांद्याने ढकलून. नानांचा कागद टेबलावर उघडा पडला होता आणि साहेबांच्या हातात पेन होतं.

"बाई, बैठक चालू आहे."

"साहेब, सही करू नका." तिने ताटं ठेवली. "आधी ही फिरवून बघा. डावी आणि उजवी."

साहेबांनी फिरवली. मुलीने फिरवली. नाना मात्र जागचे हलले नाहीत.

"एकाच साच्यातली चाकं आहेत, एकाच खोक्यातली," ती म्हणाली. घसा कोरडा पडला होता. शरीरात कोरडी अशी तेवढी एकच जागा उरली असावी. "फरक एवढाच." आणि डबी काढून तिने टेबलाच्या मधोमध ठेवली. झाकण उघडलं. गुलाबाचा वास खोलीभर पसरला.

तिने सगळं सांगितलं. घाम, रेडिओचा कारखाना, कडी, स्पिरिटचं भांडं, चौसष्टपैकी चौसष्ट. वही उघडून दाखवली. सांगून झालं तेव्हा साहेबांनी विचारलं, "किती वर्षं लावताय?"

"इथे अकरा."

"दारावरची पाटी वाचता येते ना तुम्हाला, बाई?"

तिच्या नावाची थट्टा अकरा वर्षं झाली होती, पण ती लागली ती त्या दिवशी. "येते," ती म्हणाली.

मुलगी हळूच म्हणाली, "साहेब, कडी मी काढली. नाना नको म्हणाले होते."

पण नानांचा स्फोट झाला तो भलत्याच दिशेने. ते उठले, आणि चेहरा लालबुंद. "अकरा वर्षं! अकरा वर्षं माझ्या चाकांना तोंडाला लावायची पावडर फासत होतीस तू? मी डोळे फोडून घेतले! माझ्या बायकोसमोर मी म्हणालो, माझा हात गेला! आणि सकाळी... सकाळी तू माझ्यासमोर बसून हा कागद लिहून दिलास? तेव्हा माहीत होतं तुला?"

"होतं. खात्री नव्हती."

"चौसष्टपैकी चौसष्ट आणि खात्री नव्हती!"

तिने डबीचं झाकण लावलं. ती उभी राहिली. नानांनी आपला कागद टेबलावरून उचलला, घडी घातली, खिशात ठेवला आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले. पाच मिनिटांनी साच्यांच्या खोलीतून कानशीचा आवाज यायला लागला.

कडी परत आली. फोन पुन्हा दीड मिलिमीटर जाड झाला. सोमवारपासून तपासणीच्या स्टुलावर दुसरी बाई बसली, आणि हिला बांधणीच्या दालनात पाठवलं. तिथे सुती हातमोजे घालून फोन खोक्यात भरायचे, वर कागद, खाली कागद. साहेबांनी तिला काढलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. अंगठेबहाद्दर म्हणायचं लोकांनी आपोआप सोडून दिलं. जेवणाच्या सुट्टीत नाना लांबच्या बाकावर बसत. तिने दिवस मोजले, कारण मोजणं हा तिचा स्वभाव होता.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, बांधणीच्या टेबलावर कुणीतरी एक चाक ठेवलं. तिने वर बघितलं. कानावर पेन्सिल होती.

"बघ," नाना म्हणाले.

"माझं काम नाही आता ते."

"मी काम सांगतोय का? बघ म्हटलं."

तिने मोजे काढले. तळहात लगेच ओले झाले. नाना त्यांच्याकडे बघत होते आणि तिने ते लपवले नाहीत. चाक नव्या कडीचं होतं, एका चिमुकल्या चौकटीत बसवलेलं. तिने अंगठा उलटा केला आणि नखाच्या कडेने ते सावकाश फिरवलं. एक फेरा वर, एक खाली.

"अकरावा उथळ आहे."

"काही नाही उथळ. सकाळीच मोजलाय."

"आहे."

"त्या नव्या बाईने पास केलंय."

"केलं असेल. अकरावा उथळ आहे, नाना."

त्यांनी चाक तिच्या हातातून घेतलं. क्षणभर तिच्या अंगठ्याकडे बघितलं, मग आपलाही अंगठा उलटा केला आणि नखाने चाक फिरवत मान तिरकी करून उभे राहिले. बारा-तेरा खोकी पट्ट्यावरून पुढे सरकून साचली तरी ते हलले नाहीत. मग त्यांनी चाक रुमालात गुंडाळलं.

"उद्या दुसरं आणतो," ते म्हणाले आणि चालू लागले. दारापाशी जाऊन वळले. "आणि ऐक. नखं कापू नकोस."